विमानातला होज ताणून बसवला तर काय बिघडतं?

लवचीक होज, म्हणजे दाबाखालचं तेल वाहून नेणारी नळी, थोडा ढिला ठेवूनच का बसवतात, ताणून बसवला तर जास्त नेटका दिसणार नाही का, असं तुम्ही विचारलंय. 'नेटका' हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. याच शब्दावरून मी एकदा सिनियरशी भांडलो आहे.

प्रेशर भरलं की होज बहुतेक वेळा लांबीला आखडतो. बऱ्याच मोठ्या विमानांत हायड्रॉलिकचं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचं, प्रेशर ३००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतं. दाबाखाली होज ४ टक्क्यांपर्यंत आखडू शकतो, म्हणून ५ ते ८ टक्के ढील ठेवतात, मीटरभर होजला ५ ते ८ सेंटिमीटर. ताणून बसवलात तर सगळा ओढा टोकाच्या फिटिंगवर, म्हणजे जोडणीच्या तुकड्यावर येतो.

पण ढिलापेक्षा मला पिळाबद्दल सांगायचंय. मी सोलापूरचा, वडील कापडाच्या मागावर कामाला होते. ताण आणि पीळ हे शब्द घरात जेवताना सुद्धा कानावर पडायचे. सुताला पीळ हवाच, त्याशिवाय धागा टिकत नाही. होजला मात्र तो अजिबात चालत नाही. त्याच्या अंगावर लांबीने रेघ छापलेली असते ती त्यासाठीच. बसवल्यावर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळी न घेता गेली पाहिजे.

विमानदुरुस्तीच्या नोकरीचं तिसरं वर्ष. रात्रपाळी, पहाटे विमान सोडायचं होतं. लँडिंग गिअरजवळचा, म्हणजे चाकांच्या सांगाड्याजवळचा होज सिनियरनी स्वतः बदललेला. मी टॉर्च मारला तर पिवळी रेघ खालच्या फिटिंगपासून निघून अर्धा वेढा घेत मागच्या बाजूला गेलेली. एकाच पान्याने नट आवळला होता, दुसऱ्या पान्याने फिटिंगचा षटकोन धरलाच नव्हता, त्यामुळे नटाबरोबर होजही फिरला. लांबून बघाल तर काम देखणं, कुठे काही लोंबत नाही. म्हटलं, "साहेब, पीळ बसलाय." ते म्हणाले, "लीक चेक झालाय, थेंब नाही. नेटकं काम आहे, सही कर."

मी केली नाही. पिळलेला होज प्रेशर आलं की उलगडायला बघतो, त्याने नट सैल होऊ शकतो, नाहीतर होजच फाटतो. पहिल्या दिवशी थेंब दिसेलच असं नाही. शिफ्टच्या इंजिनिअरना बोलावलं, होज सोडवून पुन्हा बसवला, विमान चाळीस मिनिटं उशिरा गेलं. पुढचे दोन महिने मला टूल स्टोअरमध्ये बसवलं. 'उगाच बाऊ केला' हे वाक्य मी निवृत्त होईपर्यंत ऐकलं. आजही सोलापुरात होटगी रोडच्या विमानतळावर विमान उतरताना दिसलं की माझी नजर आधी चाकांकडे जाते.

म्हणून तुम्ही शिकाऊ असाल तर दोन पाने वापरा, एकाने फिटिंग धरा, दुसऱ्याने नट फिरवा. लीक दिसला तरी प्रेशर असताना नट आवळायचा नाही. उघड्या तोंडाला कॅप लावा, चिंधी कोंबू नका, एक धागा आत गेला तरी व्हॉल्व्ह अडतो. टेफ्लॉनचा जुना होज काढलात तर त्याला सरळ करू नका, ज्या वाकात तो मुरलाय तसाच तारेने बांधून ठेवा. आणि कोणी "लीक नाही ना?" म्हणून सही मागितली तर त्याच्या हातात टॉर्च द्या आणि रेघ दाखवा. लीक नसणं म्हणजे काम बरोबर असणं नव्हे, हे मी तेव्हाही म्हणत होतो.

हो, आकडे मी सर्वसाधारण दिलेत. ढील किती, होज धरून ठेवणारे क्लॅम्प किती अंतरावर, टॉर्क म्हणजे नट आवळायचा जोर किती, हे त्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये असेल तेच धरायचं. स्टीलच्या जाळीच्या होजवर बऱ्याचदा रेघ नसते. तिथे पिळासाठी जाळीची वीण बघा.