नवरा-बायको दोघेही ऊसतोडीला जातात, मग घरकामाची वाटणी बदलते का?

फारशी नाही, उलट बाईचा दिवस लांबतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात त्या जोडप्यांच्या हिशोबानं. जोडपं म्हणजे एक 'कोयता', एकटा माणूस 'अर्धा कोयता'. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मात्र मुकादम (मजूर नेणारा ठेकेदार) बहुधा नवऱ्याच्या हातात देतो, आणि ती फेडते दोघांची तोड. सगळं इथंच अडतं: तिची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही, मग पैशावर बोलणार कशी?

फडात पुरुष तोडतो, बाईही तोडते. शिवाय वाढ्यानं (उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्यानं) मोळ्या बांधणं आणि डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत वाहणं बरंचसं तिच्याकडे. त्याआधी पहाटे उठून पाणी, चूल, भाकरी. गाडी रात्री आली तर भरायला पुन्हा दोघं. पाळी असो की ताप, सुट्टी घेतली की 'खाडा' कापतात, म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं.

थोडाफार बदल होतो तो गावात. आजी-आजोबा नातवंडं सांभाळतात; तेही नसतील तर मुलं सोबत येतात, थोरली मुलगी कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) धाकट्याला घेऊन बसते नि तिची शाळा बुडते. आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची चौकशी निघण्याआधीच शाळेत करा. उचलीच्या कागदावर बायकोचं नाव आणि सही घ्या. मुकादम कुरकुरेल.