बडोद्यात गाडी चालवायला स्वस्त टायर पुरेत का, की महागडेच घ्यावेत?
रोजचं येणं-जाणं दांडिया बाजार ते अलकापुरी एवढंच असेल तर स्वस्तातले चालतील. कोरड्या रस्त्यावर, कमी वेगात फारसा फरक जाणवत नाही. खरा फरक पावसात. महागड्या टायरच्या रबरात बहुधा सिलिका (ओल्यात पकड वाढवणारी पूड) जास्त असते, म्हणून ओल्या रस्त्यावर गाडी लवकर थांबते. अहमदाबाद एक्सप्रेसवेवर वरचेवर जात असाल तर मी तरी इथे काटकसर करणार नाही. झिजेचं मात्र कधीकधी उलटं असतं: कडक रबराचा स्वस्त टायर जास्त टिकतो, पण पकड कमी! खाचांची खोली १.६ मिमीवर आली की कुठलाही टायर बदलाच. आणि घेताना टायरच्या बाजूवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचा. १५२५ म्हणजे २०२५चा पंधरावा आठवडा. सवलतीच्या नावाखाली जुना माल गळ्यात मारतात.