पीआयडी कंट्रोलर म्हणजे नेमकं काय? काजूच्या ड्रायरला पी, आय, डी चे आकडे किती ठेवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: वेंगुर्ल्याजवळ छोटा काजू कारखाना आहे, नवीन इलेक्ट्रिक ट्रे ड्रायर घेतलाय, ७० डिग्री सेट केलं तरी डिस्प्ले ७८ पर्यंत चढतो, मग ६४ पर्यंत उतरतो, परत चढतो, काही ट्रेमधले गर लाल पडतायत, आणि बघायला आलेला माणूस "पीआयडी ट्यून करून घ्या" एवढं बोलून निघून गेला. मी लोट्याला एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो, दिवसभर हेच लूप (सेन्सर, कंट्रोलर, हीटर असं चक्र) बघायचे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गर लाल पडला की तो पांढऱ्या अख्ख्याच्या ग्रेडमधून उतरून स्कॉर्च्डमध्ये जातो आणि भाव पडतो, त्यामुळे हा विषय टाळण्यासारखा नाहीच.

आधी फीडबॅक म्हणजे काय ते बघू. तुम्ही हवं ते तापमान सेट करता, ती सेट व्हॅल्यू. सेन्सर सांगतो आत्ता खरं किती आहे, ती प्रोसेस व्हॅल्यू. दोघांतला फरक म्हणजे एरर. कंट्रोलर तो एरर बघून हीटरला किती टक्के चालवायचं ते ठरवतो (हे त्याचं आउटपुट), त्याचा परिणाम परत सेन्सरला कळतो, आणि हे चक्र चालूच राहतं. यातली सगळी अडचण एका गोष्टीत आहे, ती म्हणजे उशीर. कॉइल तापणार, कॉइल हवेला तापवणार, हवा पंख्याने ट्रेपर्यंत जाणार, मग सेन्सरचं नळकांडं तापणार आणि मग कुठे डिस्प्ले हलणार. तुमचा ड्रायर ७० दाखवतो तेव्हा कॉइलमध्ये अजून भरपूर उष्णता शिल्लक असते. हीटर बंद झाला तरी ती बाहेर येतच राहते, म्हणून ७८. उतरताना तेच उलटं होतं. सेटच्या खाली पूर्ण चालू आणि वर पूर्ण बंद, असा साधा ऑन-ऑफ ठेवला की ही झुलवण कायम राहणार, त्यात कंट्रोलर बिघडलेला नसतो.

आता पी, आय, डी, म्हणजे प्रपोर्शनल, इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह. हे सगळ्यात चांगलं समजतं ते सुकाणूवर, आणि हे मी कोकणातला म्हणून ओढूनताणून आणत नाहीये, या विषयाचं गणित खरंच जहाजाच्या सुकाणूवरूनच मांडलं गेलं. निकोलस मिनोर्स्की नावाच्या रशियात जन्मलेल्या इंजिनिअरने १९२२ साली अमेरिकन नौदलाच्या जहाजांच्या ऑटोमॅटिक स्टीअरिंगवर पेपर लिहिला. त्याचा मुद्दा हा होता की अनुभवी सुकाणूवाला फक्त आत्ता जहाज किती सरकलंय तेवढंच बघत नाही, आधीपासून किती सरकत आलंय आणि आत्ता किती वेगाने फिरतंय हेही तो धरतो. आपल्याकडचा तांडेल (होडी हाकणारा) दाभोळच्या खाडीतून बाहेर पडताना बघा. होडीचं नाक जितकं फिरलं तितकंच सुकाणू उलट वळवतो, हा पी. बाजूने ओढ आहे आणि होडी सारखी एकाच अंगाला ढकलली जातेय असं दिसलं की सुकाणू कायमचं थोडं तिरकं धरून ठेवतो, हा आय. आणि नाक जोरात जागेवर येतंय असं दिसलं की ते सरळ व्हायच्या आधीच सुकाणू सोडायला लागतो, नाहीतर होडी पलीकडे जाईल, हा डी.

आता हेच ड्रायरवर आकड्यात. समजा प्रपोर्शनल बँड, म्हणजे सेटच्या खाली जेवढ्या डिग्रीत हीटर १०० टक्क्यांवरून शून्यावर येतो तो पट्टा, १० डिग्री ठेवला आणि आय, डी बंद. ६० ला हीटर १०० टक्के, ६५ ला ५० टक्के, ७० ला शून्य. पण ड्रायर ७० च्या आसपास टिकवायला समजा ३० टक्के हीट लागतेच, कारण ओल्या हवेबरोबर उष्णता बाहेर जात असते. मग शून्य टक्क्यावर ७० टिकेल कसं? तो ६७ वर जाऊन बसणार, कारण तिथेच ३० टक्के मिळतात. या फरकाला ऑफसेट म्हणतात आणि नुसत्या पी ने तो जात नाही. बँड लहान केला तर कमी होतो, पण जास्त लहान केला की परत ऑन-ऑफसारखी झुलवण सुरू.

इथे आय कामाला येतो. तो एरर वेळेबरोबर साठवत जातो, ३ डिग्री कमी आहे, अजून कमी आहे, अजून आहे, असं करत आउटपुट हळूहळू वाढवतो आणि एरर शून्य झाला की जिथे पोचलाय तिथे थांबतो. ते ३० टक्के आता आय धरून ठेवतो आणि डिस्प्ले बरोबर ७० वर येतो. डी बघतो चढण्याचा वेग. ६६ झालंय आणि मिनिटाला २ डिग्रीने चढतंय, तर अजून ४ डिग्री बाकी असूनसुद्धा तो आधीच हीट कापायला लागतो. टेम्परेचरला डी चांगला उपयोगी पडतो. फ्लोच्या, म्हणजे पाइपमधल्या प्रवाहाच्या, लूपला आम्ही बहुतेक वेळा शून्यच ठेवतो, तिथे सिग्नल थरथरतो आणि डी ती थरथर वाढवून व्हॉल्व्हला नाचवतो.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण लोक इथेच उलटी दिशा धरतात. प्रपोर्शनल बँडचा आकडा लहान म्हणजे पी जोरात. आयचा आकडा सेकंदात असेल तर तोही लहान म्हणजे जोरात. डी चा मात्र मोठा म्हणजे जोरात. काही कंट्रोलरवर बँडच्या जागी गेन (एररच्या किती पट आउटपुट द्यायचं तो आकडा) असतो, तिथे पी चा हिशोब उलटा. जुन्या पॅनेलवर आयला रिसेट आणि डी ला रेट लिहिलेलं असतं. मॅन्युअलमधलं ते एक पान आधी वाचा, मगच बटणाला हात लावा.

पण खरं सांगू का, माझं मत असं आहे की निम्म्याहून जास्त वेळा दोष पी-आय-डी च्या आकड्यांत नसतोच, ड्रायरमध्ये असतो, आणि आकडे कितीही फिरवले तरी तो जात नाही. तुमच्याकडे मी सगळ्यात आधी सेन्सर कुठे बसवलाय ते बघेन. तो कॉइलच्या अगदी जवळ असेल तर डिस्प्ले सुंदर ७० दाखवेल आणि ट्रेवर वेगळंच चालू असेल, लांब कोपऱ्यात असेल तर उशीर वाढेल आणि झुलवण मोठी होईल. ट्रेवर जाणाऱ्या हवेच्या झोतात तो हवा. मग सेन्सरचा प्रकार आणि सेटिंग जुळतंय का ते. 'के' (K) टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा सेन्सर, लावून कंट्रोलरमध्ये 'जे' (J) टाइप राहिलं असेल तर तापमानच खोटं दिसतं. पीटी-१०० (तापमानाबरोबर रोध बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर) असेल तर तपासायला सोपं, शून्य डिग्रीला १०० ओहम आणि १०० डिग्रीला साधारण १३८.५ ओहम, मल्टीमीटरने अंदाज येतो. नंतर पंखा, ट्रेमधून हवा सारखी फिरते का ते. लाल गर नेहमी त्याच कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये मिळत असतील तर तो हवेचा दोष, कंट्रोलरचा नाही.

आणि आउटपुट बघा. हीटर कॉन्टॅक्टरवर (चुंबकाने ओढला जाणारा मोठा स्विच) आहे का एसएसआरवर (सॉलिड स्टेट रिले, हलणारे भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच)? ३० टक्के हीट म्हणजे कंट्रोलर व्होल्टेज कमी करत नाही, सायकल टाइमच्या (एका चालू-बंद फेरीच्या वेळेच्या) ३० टक्के वेळ हीटर चालू ठेवतो. एसएसआर असेल तर सायकल टाइम १-२ सेकंद चालतो, कॉन्टॅक्टरला १५-२० सेकंद तरी द्या, नाहीतर दिवसभर खटखट होऊन कॉन्टॅक्ट जळतील. आणि कंट्रोल मोड खरंच पीआयडीवर आहे ना ते पण बघा, ६४ ते ७८ अशी एकसारखी झुलवण वाचून मला पहिला संशय तोच येतोय, की तो ऑन-ऑफवरच राहिलाय.

हे सगळं ठीक असेल तर ऑटोट्यून लावा. ही सोय स्वीडनच्या ऑस्ट्रोम आणि हॅग्लुंड यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीवरून आली, कंट्रोलर मुद्दाम हीटर चालू-बंद करून काही हेलकावे घेतो आणि त्यांच्या उंचीवरून आणि वेळेवरून आकडे काढतो. अट एकच, ट्रे भरलेले हवेत आणि ज्या तापमानाला रोज चालवता तेच सेट हवं. रिकामा ड्रायर पटकन तापतो, तिथले आकडे भरलेल्या ड्रायरला लागू पडत नाहीत. एवढ्यासाठी चांगला माल वाया घालवू नका, तुकडा किंवा हलका माल भरा.

हाताने करायचं असेल तर झिग्लर आणि निकोल्स यांची १९४२ ची रीत अजून चालते. आय, डी बंद करा, बँड हळूहळू लहान करत जा, एका ठिकाणी तापमान न वाढता न विरता सारखं झुलायला लागेल. समजा तिथे बँड ३ डिग्री आहे आणि एका झोक्याला ८ मिनिटं लागतात. मग बँड त्याच्या पावणेदोन पटीच्या जवळपास म्हणजे ५ डिग्री, आय झोक्याच्या निम्मा म्हणजे २४० सेकंद, डी आठवा हिस्सा म्हणजे ६० सेकंद. पण ही रीत मुळात जरा आक्रमक आहे, प्रत्येक पुढचा झोका आधीच्याच्या पाव होईल अशा हिशोबाने बसवलेली, म्हणजे पहिला झोका सेटच्या वर जाणारच. काजूला ते नको. मी बँड दुप्पट करून ८-१० डिग्री ठेवेन, सेटवर यायला थोडा वेळ जास्त लागला तरी चालेल. त्यानंतरही लांबलचक संथ झुलत असेल तर आयचे सेकंद वाढवा, आउटपुट उगाच थरथरत असेल तर डी कमी करा.

पावसाळ्यात अजून एक गोष्ट होते. लाइनवर फांदी पडून एखादा फेज जातो, कंट्रोलर दुसऱ्या फेजवर असल्यामुळे चालूच राहतो आणि हीटर मात्र अर्धवट. डिस्प्ले ५५ वर अडकतो, आउटपुट १०० टक्के, आणि आय मागे साठवत बसतो. फेज आला की तापमान सरसर चढतं, ७० ओलांडतं, तरी तो साठा उतरेपर्यंत हीटर बंद होत नाही, कधी ८५ पण दिसेल. याला वाइंडअप म्हणतात. बऱ्याच कंट्रोलरमध्ये अँटी-वाइंडअपचं सेटिंग असतं, ते चालू करा. नसेल तर फेज आल्यावर कंट्रोलर एकदा स्टँडबायला टाकून परत रनला घ्या, आणि ते रिसेट होतंय का हे मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

आणि शेवटचं, हे आकड्यांच्याही आधी करा असं मी म्हणेन: कंट्रोलरशी काही संबंध नसलेला, स्वतःचा सेन्सर असलेला वेगळा हाय-लिमिट थर्मोस्टॅट लावा, ८५ ला सेट केलेला, मेन कॉन्टॅक्टरची कॉइल तोडणारा आणि हाताने रिसेट करायचा. सेन्सर जागेवरून निसटून बाहेर लोंबकळला तर कंट्रोलरला खोलीचं तापमान दिसतं, मग तो हीटर १०० टक्के चालवत राहतो आणि आत तेलकट माल भरलेला असतो. इलेक्ट्रिशियनकडून तो लावून घ्या आणि लावल्यावर सेटिंग ५० ला आणून खरंच हीटर तुटतो का ते समोर उभं राहून बघा.