एनएस बिट १ केला की लिनक्स बूट होताना अडकतो, बूटलोडरमध्ये काय राहिलं असेल?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ऑलविनर एच३ चा बोर्ड आहे, म्हणजे चार कॉर्टेक्स-ए७ कोर, बूटलोडर तुम्ही स्वतः लिहिताय, सिक्युअरमध्ये (आर्म प्रोसेसरची जास्त अधिकाराची बाजू) असतानाच कर्नलला जंप केलं तर लिनक्स नीट वर येतो पण आधी एससीआर (सिक्युअर कॉन्फिगरेशन रजिस्टर) मधला एनएस, म्हणजे नॉन-सिक्युअर, बिट १ केला की कधी सिरियलवर काहीच येत नाही आणि कधी सुरुवातीच्या थोड्या ओळी छापून थांबतो. मी साकीनाक्याला बोर्ड ब्रिंगअपचंच काम करतो, आणि लॅमिंग्टन रोडला हे बोर्ड सहज मिळतात म्हणून आमच्याकडच्या नव्या पोरांना यावरच शिकवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मोड बदलणं हे चार-पाच इन्स्ट्रक्शनचं काम आहे, खरं काम त्याच्या आधीचं. काही गोष्टी फक्त सिक्युअर बाजूलाच करता येतात आणि त्या सगळ्या जंपच्या आधी उरकाव्या लागतात, कारण एकदा पलीकडे गेलं की कर्नल त्या रजिस्टरवर लिहितो आणि बऱ्याच ठिकाणी ते लिहिणं गपचूप दुर्लक्षित होतं, फॉल्ट नाही, मेसेज नाही, काही नाही. म्हणूनच हे डिबग करायला इतकं जड जातं.

पहिलं बघा तुम्ही एनएस बिट कुठे उभं राहून सेट करताय. एसव्हीसी मोडमधून (कर्नलचा नेहमीचा मोड) करत असाल तर ते सोडा, तिथे पुढची इन्स्ट्रक्शन लगेच नॉन-सिक्युअर होते आणि पाइपलाइनमध्ये आधीच आलेल्या इन्स्ट्रक्शनचं काय होईल याची खात्री नाही, आर्मचं स्वतःचं सांगणं आहे की हा बिट मॉनिटर मोडमधूनच (दोन्ही बाजूंमध्ये ये-जा करण्यासाठीचा मोड) बदला. सीपीएस इन्स्ट्रक्शनने मोड ०x१६ मध्ये जा. मॉनिटरमध्ये असताना एनएस काहीही असो, प्रोसेसर सिक्युअरच असतो, पण एनएस १ असेल तर एससीटीएलआर, व्हीबीएआर, टीटीबीआर यांसारख्या बँक्ड रजिस्टरची नॉन-सिक्युअर कॉपी हाताला लागते, आणि हे फार कामाचं आहे, कारण तुम्ही सिक्युअरमध्ये एमएमयू आणि कॅश बंद केलेत ते फक्त त्या कॉपीत, दुसऱ्या कॉपीत काय पडलंय ते तुम्ही बघितलेलंच नसतं. तीही तिथूनच साफ करा, मग एसपीएसआरमध्ये (परतताना कुठल्या मोडमध्ये जायचं ते ठेवणारं रजिस्टर) ०x१डी३ टाका (एसव्हीसी मोड, सगळे इंटरप्ट मास्क), एलआरमध्ये कर्नलचा पत्ता, आर०-आर१-आर२ नेहमीसारखे, आणि मूव्हएस पीसी, एलआर. हायप मोड (व्हर्च्युअलायझेशनसाठीचा) हवा असेल तर एससीआरमध्ये एचसीई बिटही लावा आणि ०x१डीए, पण आधी साधं एसव्हीसी चालवून बघा.

आता जीआयसी, म्हणजे इंटरप्ट कंट्रोलर, माझा सगळ्यात जास्त संशय इथेच. रिसेटनंतर सगळे इंटरप्ट ग्रुप ० मध्ये म्हणजे सिक्युअर असतात, नॉन-सिक्युअर कर्नलने टायमरचा इंटरप्ट इनेबल केला तरी ते लिहिणं वाया जातं, टायमर टिक करतोय पण सीपीयूपर्यंत काही पोचत नाही, आणि तुमच्या थोड्या ओळी छापून थांबण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. डिस्ट्रिब्युटरच्या आयग्रुपआर रजिस्टरमध्ये (ऑफसेट ०x८० पासून) सगळीकडे १ भरा. त्यातलं पहिलं रजिस्टर, इंटरप्ट ० ते ३१ चं, प्रत्येक कोरसाठी वेगळं आहे आणि टायमरचे इंटरप्ट नेमके त्यातच येतात, म्हणजे कोर ० ने भरलं ते बाकी तिघांना लागू नाही. एवढं करून लोक थांबतात पण अजून एक राहतं, सीपीयू इंटरफेसचा पीएमआर (कुठल्या प्राधान्याचे इंटरप्ट कोरपर्यंत सोडायचे ते ठरवणारं रजिस्टर). तो रिसेटला ० असतो आणि त्यात ०x८० पेक्षा लहान आकडा असेपर्यंत नॉन-सिक्युअर बाजूला तो बदलताच येत नाही, तेव्हा सिक्युअरमध्ये असतानाच ०xएफएफ लिहून ठेवा.

कधी काहीच येत नाही आणि कधी येतं, हा जो कधी-कधी आहे ना, तो मला कॅशचा वाटतो. कॅशच्या प्रत्येक लाइनच्या टॅगमध्ये सिक्युअर की नॉन-सिक्युअर हे पण असतं. तुम्ही डेटा कॅश चालू ठेवून सिक्युअरमध्ये कर्नल आणि डीटीबी (हार्डवेअरचं वर्णन असलेली फाइल) लोड केलेत तर तो डेटा सिक्युअर टॅगच्या लाइनमध्ये आहे, नॉन-सिक्युअर बाजूने तोच पत्ता वाचला तर ती लाइन सापडणारच नाही, डीरॅममधलं जुनंपुराणं मिळेल. त्याहून वाईट म्हणजे ती डर्टी लाइन नंतर केव्हातरी बाहेर पडते आणि कर्नलने तिथे लिहिलेलं पुसून टाकते! तेव्हा जंपच्या आधी कॅश बंद, एल१ आणि एल२ दोन्ही क्लीन-इनव्हॅलिडेट, इन्स्ट्रक्शन कॅश आणि ब्रँच प्रेडिक्टर पण इनव्हॅलिडेट.

टायमरचं थोडक्यात: सीएनटीएफआरक्यू (टायमरचा वेग सांगणारं रजिस्टर) फक्त सिक्युअरमधून लिहिता येतो, एच३ वर २४ मेगाहर्ट्झ म्हणून २४०००००० टाका, आणि सीएनटीव्हीओएफएफ (व्हर्च्युअल टायमरचा फरक) मॉनिटरमध्ये एनएस १ असताना ० करा, कारण रिसेटनंतर त्यात काय असेल ते ठरलेलं नाही आणि दोन कोरमध्ये तो वेगळा राहिला तर कर्नलचा वेळ मागेपुढे उड्या मारतो. दोन्ही प्रत्येक कोरवर. एफपीयू-निऑनसाठी एनएसएसीआरमध्ये (नॉन-सिक्युअर बाजूला काय वापरता येईल ते ठरवणारं रजिस्टर) बिट १० आणि ११ लावा, नाहीतर फ्लोटिंग पॉइंट वापरणारा पहिला प्रोग्रॅम मरेल. एसीटीएलआरमधला एसएमपी बिटही (कोरांच्या कॅश एकमेकींशी जुळत्या ठेवणारा) सिक्युअरमध्येच लावून घ्या.

उरलेल्या तीन कोरचं काय, हा पुढचा प्रश्न तुम्हाला पडेलच. ते रिसेटमधून सिक्युअरमध्येच उठतात, म्हणून कर्नल ते पीएससीआयने (कोर चालू-बंद करण्याची ठरलेली पद्धत) मागतो (सीपीयू-ऑन चा नंबर ०x८४०००००३) आणि तो एसएमसी (मॉनिटरला हाक मारणारी इन्स्ट्रक्शन) तुमच्या मॉनिटर कोडकडे येतो, म्हणजे एमव्हीबीएआर (मॉनिटरच्या व्हेक्टर टेबलचा पत्ता) आधी सेट हवा आणि तो कोड कर्नल हात लावणार नाही अशा जागी हवा, एसरॅममध्ये किंवा डीटीबीत राखून ठेवलेल्या मेमरीत. यू-बूटमधली नॉनसेक-व्हर्ट नावाची असेंब्ली फाइल उघडून शेजारी ठेवा, वर लिहिलेलं बरंचसं त्यात ओळीने सापडेल.

सध्या बूटआर्ग्समध्ये मॅक्ससीपीयूज=१ द्या, अर्लीप्रिंटके चालू करा आणि बूटलोडरमध्ये डेटा कॅश पूर्णच बंद ठेवून बघा. तरी थोड्या ओळी येऊन थांबला तर जीआयसीच, आणि मग आयग्रुपआर व पीएमआर लिहिल्यावर परत वाचून काय येतं ते इथे टाका, मी बघतो.