गावासोबत आरोग्य संशोधन सुरू करण्यापूर्वी

विद्यापीठातर्फे आपण गावाबरोबर संशोधन सुरू करत आहात, हे चांगलेच आहे. मात्र प्रश्नावली तूर्त बाजूला ठेवा आणि निर्णय कोण घेणार, निधी कोणाच्या खात्यात राहणार आणि माहिती कोणाच्या ताब्यात असेल, हे आधी लेखी ठरवा. नवखे संशोधक समाजाची सल्लागार समिती नेमतात खरी, पण अनुदान मंजूर झाल्यावर. तोवर ठरवण्यासारखे फारसे उरलेले नसते आणि समिती केवळ सह्यांपुरती राहते.

मतभेदाचा नियमही सुरुवातीलाच हवा. कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या काहनावाके या मोहॉक आदिवासींच्या वस्तीत १९९४ मध्ये मधुमेह प्रतिबंधाचा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या आचारसंहितेनुसार कोणत्याही भागीदाराला निष्कर्ष दडपता येत नाहीत, पण ज्याला ते पटत नाहीत त्याला आपला अन्वयार्थ त्यांच्यासोबतच मांडता येतो. नुसत्या नकाराधिकारापेक्षा ही तरतूद मला अधिक शहाणपणाची वाटते.

संमतीपत्र मोघम ठेवू नका. अ‍ॅरिझोनातील हावासुपाई आदिवासींनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून दिलेले रक्त इतर संशोधनांतही वापरले गेले आणि अखेर २०१० मध्ये तो अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाला ७ लाख डॉलर देऊन उरलेले नमुने परत करावे लागले.

माहिती कोणाच्या ताब्यात हे एकदा ठरले की तिच्या मालकीचे बारकावे नंतर पाहता येतील; तूर्त बैठकींना येणाऱ्या गावकऱ्यांच्या बुडणाऱ्या मजुरीची तरतूद अंदाजपत्रकात करा.