ब्लोअरखालचे रबर पॅड दुप्पट जाड केले तर खालच्या मजल्यावरची थरथर थांबेल का?

कमी होईल, थांबणार नाही. आणि कमी झाली की तुम्ही जाड रबराचं गुणगान सुरू कराल, ते टाळावं म्हणून हे उत्तर लिहितोय.

तुम्ही दिलेले आकडे असे: छतावर पट्ट्यावर चालणारा सेंट्रिफ्युगल ब्लोअर, पंख्याचे फेरे मिनिटाला ९६०, सांगाडा आणि मोटर धरून वजन ६४० किलो, खाली २५ मिमीचे रबर पॅड, आणि वजन आल्यावर ते दबलेत दीड मिमी. हा शेवटचा आकडा दिलात त्याबद्दल आभार. लोक पॅडची जाडी सांगतात, रंग सांगतात, कुठून आणला तेही सांगतात. दबला किती हे मात्र कुणी मोजत नाही. खरं तर सगळं तिथेच आहे.

दबलेले मिमी घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, १५.८ ला त्याने भागा. यंत्राची पॅडवरची नॅचरल फ्रिक्वेन्सी, म्हणजे एक दणका दिला तर ते आपसूक सेकंदाला किती वेळा हेलकावेल हे, हर्ट्झमध्ये मिळते. दीड मिमीला १२.९ येते. पण रबर हलत्या भाराखाली स्थिर भारापेक्षा कडक वागतं, साधारण १.२ ते १.६ पट. मधला १.४ धरला तर फ्रिक्वेन्सी चढून १५.२ हर्ट्झ होते. तुमचा पंखा ९६० फेऱ्यांवर म्हणजे बरोबर १६ हर्ट्झवर फिरतो. म्हणजे पॅड टाकून तुम्ही यंत्र नेमकं रेझोनन्सवर नेऊन बसवलंय: दोन्ही फ्रिक्वेन्सी जुळल्या की कंप वाढतच जातो. रबराचं डॅम्पिंग (कंप जिरवण्याची ताकद) ५ टक्के धरलं तरी पंख्याचा धक्का स्लॅबपर्यंत साडेसहा पटींहून जास्त होऊन पोचतो.

आता पॅड दुप्पट करा. दबणं ३ मिमी, रबराचा कडकपणा धरून फ्रिक्वेन्सी १०.८, गुणोत्तर १६ भागिले १०.८ म्हणजे १.४८. या गुणोत्तराला ८४ टक्के धक्का खाली जातो. साडेसहा पटीवरून ०.८४ वर आलात, म्हणून फरक जाणवेल. पण यंत्र पॅडशिवाय थेट स्लॅबला बोल्टने आवळलं असतं तर ढोबळमानाने १०० टक्के गेला असता. म्हणजे रबराचे दोन थर विकत घेऊन कमाई १६ टक्क्यांची. फेऱ्यांची फ्रिक्वेन्सी नॅचरल फ्रिक्वेन्सीच्या १.४१ पट होईपर्यंत आयसोलेशन (धक्का अडवणं) सुरूच होत नाही. त्याच्या आत पॅड हा निव्वळ तोटा आहे. कामाचं आयसोलेशन हवं असेल तर गुणोत्तर किमान ३ धरा (साडेबारा टक्के जातं), माणसं झोपतात किंवा मोजमापाची उपकरणं आहेत अशा खोलीवर ४ ते ५.

अगदी असंच प्रकरण एका ७२० फेऱ्यांच्या पंख्यावर झालं होतं, आणि त्यावरून झालेला वाद माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. तिथे पॅड अडीच मिमी दबले होते. स्थिर हिशेबाने १० हर्ट्झ, रबराचा कडकपणा धरून ११.८. पंखा १२ वर. खालच्या खोलीतली काच वाजायची. कामावरच्या वरिष्ठांचं मत ठाम: यंत्र हलकं पडतंय, पाया जड करा. सांगाड्यात यंत्राच्या वजनाइतकंच काँक्रीट ओतलं. थरथर उतरली. झालं! ‘वजनाने कंप मारला’ हा त्यांचा सिद्धान्त त्या दिवसापासून पक्का झाला.

कंप मेला नव्हता. वजन दुप्पट करणं आणि रबराची जाडी दुप्पट करणं, गणिताला यात फरकच कळत नाही. दोन्हींत दबणं दुप्पट होतं आणि फ्रिक्वेन्सी १.४१ ने भागली जाते. ११.८ चे ८.३ झाले, गुणोत्तर १.४४, खाली जाणारा धक्का ९३ टक्के. म्हणजे फक्त रेझोनन्समधून बाहेर पडलो, आणि तेही कुंपणावरच. शिवाय पॅडवर ठरल्यापेक्षा दुप्पट भार. रबर बसत गेलं, बाजूने फुगलं. आठ महिन्यांत ते इतकं कडक झालं की फ्रिक्वेन्सी १० च्या वर गेली, गुणोत्तर १.२ च्या आत आलं आणि काच परत वाजू लागली. या वेळी धक्का दोन पटींहून जास्त. त्यावर उपाय काय सुचवला गेला? अजून काँक्रीट.

इनर्शिया ब्लॉक (सांगाड्यात ओतलेलं जड काँक्रीट) निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. त्याचं काम वेगळं आहे. ब्लॉक टाकून त्याच दबण्याचे स्प्रिंग निवडले तर नॅचरल फ्रिक्वेन्सी तीच राहते आणि स्लॅबवर जाणारा धक्काही तोच राहतो. कमी होतं ते यंत्राचं स्वतःचं हलणं. चांगल्या आयसोलेशनवर हे हलणं म्हणजे असंतुलन भागिले एकूण वस्तुमान: पंख्यावर ५० ग्रॅमचं एकतर्फी वजन ४०० मिमी त्रिज्येवर आणि एकूण वजन ६४० किलो असेल तर ३१ मायक्रॉन, वजन दुप्पट केलं तर त्याच्या निम्मं. पट्टा, डक्टचा जोड आणि बेअरिंग यांना त्याचा फायदा होतो. खाली झोपलेल्या माणसाला होत नाही.

तर तुमच्यासाठी रबर नाही, स्प्रिंग. २५ मिमी दबणारे. फ्रिक्वेन्सी ३.१५, गुणोत्तर ५, खाली जाणारा धक्का कागदावर ४ टक्के. प्रत्यक्षात स्लॅब स्वतः लवचीक असल्याने थोडा जास्त जाईल. जमिनीवर चालून जातं ते वरच्या मजल्यावर पुरत नाही, म्हणूनच इथे २५ म्हणतोय. स्प्रिंगच्या तळाशी खाचांचं रबर असलेलेच घ्या, कारण पोलादातून वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज सरळ उतरतो. रबराची खरी जागा ती. स्प्रिंगचा बाहेरचा व्यास त्याच्या दबलेल्या उंचीच्या ०.८ पटीपेक्षा कमी नको, नाहीतर यंत्र आडवं डोलतं. २५ नंतर अजून निदान १२ मिमी दबायला जागा राहिली पाहिजे.

६४० भागिले चार करून चार सारखे स्प्रिंग मागवू नका. मोटरच्या बाजूला भार जास्त असतो. कोपऱ्यांचे भार काढा. समजा मोटरकडे १९०-१९० आणि दुसरीकडे १३०-१३० किलो आले, तर चारही २५ मिमी दबायला मोटरकडचे स्प्रिंग मिमीला ७५ न्यूटनचे आणि दुसरीकडचे ५१ न्यूटनचे लागतील. बसवताना सांगाडा आधी ठोकळ्यांवर चालत्या उंचीला ठेवा, डक्ट आणि पट्टे जोडून घ्या, मग चारही लेव्हलिंग बोल्ट आळीपाळीने एकेक फेरा आवळत जा. ठोकळे हाताने सहज सरकले की थांबा. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर सांगाडा पिळतो आणि पट्ट्याची सरळ रेषा बिघडते.

इतकं करूनही लोक फसतात ते किरकोळ गोष्टींत. स्प्रिंगवरचं यंत्र कुठेही कडक धातूने इमारतीला टेकता कामा नये. वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट काढायचे राहतात. वायरचा लोखंडी पाइप थेट मोटरच्या पेटीत आवळलेला असतो; तिथे सैल वेटोळं दिलेली लवचीक नळी हवी. कॅनव्हासचा जोड ताणून बसवला तर तो पत्र्यासारखाच वागतो, २५-३० मिमी झोळ हवा. सांगाड्याखाली सिमेंटचा ढेकूळ अडकलेला तर मी इतक्या वेळा पाहिलाय की आता आधी खाली टॉर्च मारतो, मीटर नंतर काढतो. तुमच्या सध्याच्या पॅडमधून आरपार गेलेले बोल्टही बघा. बुश आणि रबरी वॉशर नसतील तर पॅड आहे की नाही यानं काही फरक पडत नाही.

हे सगळं धक्का पोचण्याबद्दल. धक्का येतो कुठून हे तुम्ही विचारलंच नाही, आणि खरं तर ते आधी विचारायला हवं होतं. ५० ग्रॅम धूळ इम्पेलरच्या (फिरणाऱ्या चाकाच्या) पात्याच्या पाठीला चिकटून एका जागची सुटली की ४०० मिमी त्रिज्येवर, ९६० फेऱ्यांना, २०० न्यूटनचा फिरता धक्का तयार होतो. तुमच्या आत्ताच्या पॅडवर त्याचे स्लॅबपाशी बाराशेहून जास्त होतात. फिरणारा भाग ८० किलोचा असेल तर बॅलन्सिंगच्या जी ६.३ या दर्जाला त्या त्रिज्येवर साडेबारा ग्रॅमपर्यंतच असंतुलन चालतं. आधी पाती खरवडून स्वच्छ करा, पाठीमागून. मग मोटरचे पाय तपासा: डायल गेज लावून एकेक बोल्ट सैल करा, पाय ०.०५ मिमीहून जास्त उचलला तर तिथे शिम (पातळ पत्र्याची पट्टी) हवी, चारपेक्षा जास्त पातळ शिमांची चळत नको. पुलीचं डगमगणं बघा. एवढं झाल्यावर बॅलन्सिंग. फेज (जास्तीचं वजन कोणत्या कोनात आहे ते) मोजायचं उपकरण नसेल तर २० ग्रॅमचं चाचणी वजन १२० अंशांवर तीन ठिकाणी लावून तीन आणि वजनाशिवाय एक अशी चार वाचनं घ्या, वर्तुळं काढून जागा सापडते. स्प्रिंगवर बसलेला या आकाराचा पंखा बेअरिंगपाशी कंपनाच्या वेगात ४.५ मिमी प्रति सेकंदाच्या वर असेल तर मी तो सोडत नाही.

क्रम मात्र लक्षात घ्या: बॅलन्सिंग आत्ताच्या पॅडवर करू नका. रेझोनन्सवर फेरे जरासे घसरले तरी फेज भलतीकडे जाते, आणि वजन लावणारा बिचारा दिवसभर गोल फिरतो. आधी स्प्रिंग, मग बॅलन्सिंग.

माझ्या १५.२ वर विश्वास नसेल तर तो स्वतः तपासता येतो. यंत्र बंद करा, फोनमधलं कंपन मोजणारं ॲप सुरू करून फोन सांगाड्यावर घट्ट चिकटवा, लाकडी हातोड्याने एक दणका द्या. शिखर १६ च्या आसपास आलं की प्रश्न मिटला. मग फोन स्लॅबवर ठेवून शेजारी टाचेवर जोरात उतरा. स्लॅबची स्वतःची फ्रिक्वेन्सी मिळेल. ती १६ च्या जवळ निघाली तर स्प्रिंगच्या कागदावरच्या ४ टक्क्यांवर फार भिस्त ठेवू नका. पुली बदलून फेरेच सरकवावे लागतील.

‘गाडीच्या इंजिनाखाली रबरच असतं की’ हा तुमचा मुद्दा. असतं, कारण तिथे धक्क्याची फ्रिक्वेन्सी चढी आहे. चार सिलिंडरचं इंजिन ८०० फेऱ्यांवर रिकामं चालताना क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा पेटतं, म्हणजे २६.७ हर्ट्झ; माउंटवर (इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं त्यावर) इंजिन डोलण्याची फ्रिक्वेन्सी १० च्या आसपास ठेवली की गुणोत्तर अडीचच्या वर जातं. तीन सिलिंडरला हेच २० हर्ट्झवर येतं, म्हणून ती इंजिनं रिकामी चालताना जास्त थरथरतात आणि त्यांची माउंट निवडणं डोकेदुखी असते. द्रव भरलेली माउंट वापरतात ती यासाठीच की खड्ड्यावर इंजिन उसळू नये म्हणून लागणारं डॅम्पिंग फक्त मोठ्या हालचालीला मिळावं, बारीक थरथरीला नको. तुमच्या ब्लोअरलाही कुणी ‘जास्त डॅम्पिंगचं रबर’ सुचवलंय, त्याचं उत्तर यातच आहे: १.४१ च्या पुढे डॅम्पिंग वाढवलं की धक्का जास्तच पोचतो. ते फक्त सुरू-बंद होताना, रेझोनन्स ओलांडताना कामाचं. ब्लोअर काही सेकंदांत ३ हर्ट्झ ओलांडून जातो, त्याला रबरी अडथळे पुरतात.

जाता जाता, गाडीत फाटक्या माउंटच्या जागी कडक पॉलियुरेथेन बसवणारे नंतर स्टिअरिंग झिणझिणतं म्हणून तक्रार करतात. आणि नवीन माउंट बसवताना बोल्ट सैल ठेवून इंजिन थोडं रिकामं चालवा, आपसूक बसू द्या, मग आवळा. पिळून आवळलेलं नवं माउंट जुन्यापेक्षा वाईट.

दोन गोष्टी राहिल्या. मोटरला व्हीएफडी (फेरे कमीजास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर वरचा हिशेब फक्त ९६० ला खरा. फेरे उतरवून चालवताना स्लॅबच्या फ्रिक्वेन्सीवर थांबलात (८ हर्ट्झ असेल तर ४८० फेरे) तर स्प्रिंग असूनही खाली जाणवेल. ड्राइव्हमध्ये तेवढ्या फेऱ्यांचा टप्पा वगळायची सोय असते, ती वापरा. दुसरं, तुम्ही शेवटी लिहिलंय की कुणीतरी ६०० किलोचा काँक्रीट ब्लॉकही सुचवलाय. त्यांना विचारा, तो टाकल्यावर खालचे पॅड किती मिमी दबतील आणि तेवढा भार पेलायला ते बनलेत का. उत्तर मिमीमध्ये आलं तर पुढे बोला, आणि तरीही ओतण्याआधी स्लॅब ते जादा ६०० किलो घेईल का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लिहून घ्या. ते माझं क्षेत्र नाही.