सहायक श्वान देणाऱ्या संस्थेला वडिलांच्या स्मरणार्थ देणगी द्यावी का?

आपण लिहिले आहे की देवगडच्या आपल्या वडिलांची शेवटची काही वर्षे दृष्टी गेलेल्या अवस्थेत गेली, त्यांच्या स्मरणार्थ अपंगांना प्रशिक्षित कुत्रे देणाऱ्या संस्थेला एक लाख रुपये एकरकमी द्यावेत असे मनात आहे, मात्र हा पैसा खरोखर कामी येतो का आणि एखाद्या पिल्लाला वडिलांचे नाव देता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी स्वतः तिशीपासून पूर्ण दृष्टिहीन आहे. रत्नागिरीत बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आणि गेली नऊ वर्षे इंग्लंडमधल्या पुतणीमार्फत तिथल्या अशा कामाला दरमहा दहा पौंड देत आलो आहे. माझ्याकडे कुत्रा मात्र नाही, आणि तो का नाही हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही.

पुतणीकडे गेलो असताना एका प्रात्यक्षिकात लॅब्रॅडॉरच्या पाठीवरच्या पट्ट्याची ताठ मूठ दहा मिनिटे माझ्या डाव्या हातात होती. काठी अडथळ्यावर आपटते तेव्हा अडथळा कळतो. इथे तो कळलाच नाही; मूठ किंचित डावीकडे झुकली, तिच्यामागून माझे खांदे वळले, आणि प्रशिक्षकाने सांगितले की आपण आत्ताच एका खांबाला वळसा घातला. कुत्रा सिग्नल पाहून रस्ता ओलांडून देतो अशी अनेकांची समजूत असते, ती चुकीची आहे. कुठे जायचे आणि रस्ता कधी ओलांडायचा हे माणूसच ठरवतो, रहदारीचा कानोसाही त्यालाच घ्यावा लागतो. कुत्र्याने सरळ चालायचे, कडेला थांबायचे, आणि समोरून गाडी येत असताना ‘चल’ म्हटले तरी हलायचे नाही. बस, ऊठ, ये इतके आमच्या वाडीतला कुत्राही बिस्किटावर शिकेल, पण दिलेली आज्ञा नेमक्या वेळी मोडायला शिकवण्यात महिनेच्या महिने जातात.

खर्च कशावर होतो हे यावरून आपल्या लक्षात येईल. पिल्लू साधारण दोन महिन्यांचे झाले की ते एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ वाढते, मग काही महिने प्रशिक्षकाकडे राहते, त्यानंतर ज्याला द्यायचे त्या माणसाची चाल, उंची, स्वभाव आणि रोजचे रस्ते पाहून जोडी जमवली जाते, आणि ती जमल्यावरही कोणीतरी अधूनमधून येऊन पाहावे लागते. बरीच पिल्ले मध्येच गळतात. जे टिकते ते सात-आठ वर्षे काम करून निवृत्त होते, म्हणजे त्या माणसासाठी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. ब्रिटनमध्ये १९३१ साली वॉलसी येथे पहिल्या चार जोड्या तयार झाल्या, पिल्ले घरोघरी वाढवण्याची पद्धत १९५६ साली सुरू झाली, आणि हे सारे मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर आणि मृत्युपत्रांवर चालत आले आहे. १९६४ साली तर बीबीसीच्या मुलांच्या एका कार्यक्रमाने दुधाच्या बाटल्यांची चंदेरी झाकणे गोळा करून अशा कुत्र्यांसाठी पैसे उभे केले होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की लाख रुपये एकदम देऊ नयेत. एकरकमी पैशातून पिल्ले येतात, फोटो येतात, आणि तिसऱ्या वर्षी पगार देता न आल्याने प्रशिक्षक निघून जातो. मी आपल्याकडच्या एका संस्थेला दोन वर्षे पैसे पाठवले. दर महिन्याला पिल्लाचे छायाचित्र येई (आता दृष्टिहीन माणसाला छायाचित्र पाठवून काय उपयोग, हा प्रश्न त्यांना पडला नाही), पण आज किती जोड्या रस्त्यावर चालत आहेत, असे विचारल्यावर ‘कळवतो’ एवढेच उत्तर मिळाले. ते अजून कळवायचेच आहे. आपणही नेमके हेच विचारा. किती कुत्रे शिकवले हा आकडा फसवा असतो. किती जोड्या आज काम करत आहेत, गळालेली आणि निवृत्त झालेली जनावरे कुठे जातात आणि आजारपणाचा खर्च कोण सोसतो, हे सांगता आले पाहिजे. रुग्णालयात किंवा शाळेत नेऊन मुलांना ज्यांच्याशी खेळू देतात ते कुत्रे वेगळे, तेही चांगलेच काम आहे, पण ते एका माणसाच्या दिमतीला दिलेले नसतात.

आता माझ्याकडे कुत्रा का नाही ते सांगतो. माझे घर मुख्य रस्त्यापासून पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली आहे. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते तेव्हा पायरी निसरडी आहे की कोरडी हे मी काठीच्या आवाजावरून ओळखतो, साकवाआधी, म्हणजे छोट्या पुलाआधी, गडगा (दगडी कुंपण) संपतो तिथे आवाज मोकळा होतो आणि वहाळ, म्हणजे ओढा, डावीकडे आला हे समजते. मार्गदर्शक कुत्र्याला पदपथ, त्याची कड आणि बऱ्यापैकी शिस्तीची रहदारी लागते. आमच्याकडे पदपथ नाही, आणि मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या वासाने जमलेली मोकाट कुत्र्यांची टोळी कामावरच्या कुत्र्याला चार पावले सुखाने चालू देणार नाही. शिवाय चार महिन्यांच्या आपल्या ओलीत लॅब्रॅडॉरच्या अंगावर गोचीड आणि कानात बुरशी ही नित्याचीच. भारतात अशा कुत्र्यासह चालणारे दृष्टिहीन अगदी मोजके आहेत, त्यामागे पैशाइतकेच रस्त्यांचेही कारण आहे.

मात्र घरात काम करणाऱ्या कुत्र्यांना ही अडचण येत नाही. दारावरची थाप किंवा कुकरची शिट्टी ऐकून कर्णबधिर माणसाला नाकाने ढोसणारा, किंवा चाकाच्या खुर्चीतल्या माणसाची पडलेली वस्तू उचलून देणारा आणि दोरी ओढून दार उघडणारा कुत्रा कोकणातल्या घरातही सुखाने नांदेल. आपल्याकडची कोणी संस्था हे काम करत असेल, तर तिच्याकडे माझा कल अधिक राहील.

मी आपल्या जागी असतो तर लाखाचे पाच भाग करून दरवर्षी वीस हजार दिले असते, ते प्रशिक्षकाच्या पगारासाठी आहेत असे पत्रात स्पष्ट लिहिले असते, आणि त्यातलेही काही काठीने चालायला शिकवणाऱ्या जवळच्या शिक्षकासाठी राखले असते, कारण ज्याला काठीने धड चालता येत नाही त्याला सहसा कुत्रा मिळत नाही. परदेशी संस्थेला दिलेल्या पैशावर इथे करसवलत मिळत नाही. इथल्या संस्थेकडे सगळे ज्याला ८०जी म्हणतात ती मान्यता आहे का ते पाहा, दोन हजारांहून अधिक रक्कम रोख देऊ नका, आणि आपण जुन्या करप्रणालीत असाल तरच सवलतीचा हिशेब धरा.

पिल्लाच्या नावाचे म्हणाल, तर तिकडे मोठ्या देणगीदाराला तशी मुभा मिळते. तरी वडिलांचे नाव देऊ नका. प्रशिक्षक दिवसातून पन्नास वेळा ते नाव घेऊन ‘बस’ म्हणेल आणि ऐकताना आपल्याच जिवावर येईल. पावतीही आपल्याच नावाने आणि पॅनवर घ्या, नाहीतर करसवलतीसाठीचे प्रमाणपत्र निघताना घोळ होतो. वडिलांचे नाव सोबतच्या पत्रात, ‘यांच्या स्मरणार्थ’ असे लिहून द्यावे.